टीव्हीखालचा कॉम्प्युटर घरघरतो का? स्वस्त आणि शांत कॅबिनेट निवडताना

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजले असतील. थंडीच्या दिवसांत सोलापुरात त्या वेळी दारं-खिडक्या लावलेल्या असतात, छताचा पंखा बंद असतो, गल्लीतही सामसूम असते. अब्बा टीव्हीसमोर बसून त्यांच्याच जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेला एक मुशायरा ऐकत होते. मध्येच म्हणाले, "बेटा, पंखा बंद कर." मी वर पाहिलं. पंखा बंदच होता. आवाज टीव्हीखाली ठेवलेल्या कॉम्प्युटरचा होता. आणि तो कॉम्प्युटर मीच मोठ्या हौसेने, "होम थिएटरसाठी खास" म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅबिनेटमध्ये बसवून घेतला होता.

अब्बांचं वय ७८. तीन वर्षांपासून दोन्ही कानांना मशीन आहे. ज्यांच्या घरात कुणी श्रवणयंत्र वापरतं त्यांना हे ठाऊक असेल: यंत्र जसा माणसाचा आवाज मोठा करतं, तसा आजूबाजूचा खडखडाटही मोठा करतं. वय वाढतं तसे आधी उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, आणि स, श, फ, त यांसारख्या व्यंजनांची ओळख बरीचशी त्याच पट्टीत असते. त्यात पंख्याची सततची घरघर मिसळली की बोलणं ऐकू येतं पण शब्द कळत नाहीत. मुशायऱ्यात तर शायर पहिला मिसरा म्हणून थांबतो, दाद मिळते, आणि मग तो दुसऱ्या मिसऱ्याकडे येतो. त्या थांब्यातच सगळी मजा असते, आणि आमच्याकडे तो थांबा घरघरीने भरून जात होता. अब्बांनी तोवर एकदाही तक्रार केली नव्हती. ते नुसते थोडं लवकर उठून आत जाऊन झोपायला लागले होते. हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. नववीला ध्वनीचा धडा दर वर्षी घेते. तरी स्वतःच्या बैठकीच्या खोलीत हा धडा वापरायचं सुचलं नाही, याची थोडी लाज वाटली. मग वाचलं, मोजलं, उघडून पाहिलं, दोनदा चुका केल्या. आपल्यातले बरेच जण आता घरच्या लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट, जुने ऑडिओ, फोटो, मुलांच्या अभ्यासाचे व्हिडिओ हे सगळं एका कॉम्प्युटरवर साठवून टीव्हीला जोडू लागले आहेत. तीन-चार हजारांची टीव्ही स्टिक इंटरनेटवरचं दाखवते, पण अब्बांच्या कॅसेटी इंटरनेटवर नाहीत. अशांसाठी हे लिहिते आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. इंग्रजीत ज्याला केस म्हणतात त्याला आपल्या बाजारात कॅबिनेट म्हणतात, आणि वीज पुरवणाऱ्या डब्याला एसएमपीएस. प्रोसेसरवर बसतो तो कूलर. तो आपला वाळ्याचा कूलर नव्हे. पुढे हेच शब्द वापरते.

आवाज येतो कुठून

कॅबिनेट स्वतः आवाज करत नाही. आवाज करतात त्याच्या आतले पंखे आणि फिरणारी हार्ड डिस्क. कॅबिनेटचं काम दोन प्रकारचं: पंख्यांना हळू फिरता येईल अशी मोकळी हवा द्यायची, आणि डिस्कची थरथर पत्र्यापर्यंत पोहोचू द्यायची नाही. दुकानात आपण कॅबिनेट निवडतो ते रंगावरून, काचेवरून, टीव्हीखाली कसं दिसेल यावरून. मीही तसंच निवडलं होतं. चपटं, काळं, डीव्हीडी प्लेयरसारखं दिसणारं. बैठकीत शोभून दिसलं, पाहुण्यांनी विचारलंसुद्धा.

ते चपटेपणच नडलं. उंची कमी, म्हणून पंखे लहान. आत ८० मिमीचे दोन होते, आणि एसएमपीएस एवढा छोटा की त्यात ४० मिमीचा पंखा. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला कितीतरी जास्त वेगाने फिरावं लागतं. १२० मिमीच्या पंख्याचं क्षेत्र ८० मिमीच्या पंख्याच्या सव्वादोन पट असतं, शिवाय पात्यांची टोकंही लांब. ढोबळ हिशोब असा की ८० मिमीचा पंखा मिनिटाला २००० फेरे घेऊन जेवढी हवा हलवतो, तेवढी १२० मिमीचा पंखा ८००-९०० फेऱ्यांत हलवतो. आणि वेग कमी झाला की आवाज नुसता कमी होत नाही, कोसळतो. एकाच पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. डेसिबलची पट्टी साधी नसते. १० डेसिबल कमी झाले की आपल्या कानाला आवाज जवळपास निम्मा वाटतो. म्हणजे १५ डेसिबलचा फरक हा "थोडा कमी" नाही, तो "चालू आहे का बंद?" असं विचारायला लावणारा फरक आहे.

ह्याच पट्टीची आणखी एक गंमत आहे, आणि ती खरेदीला उपयोगी पडते. सारख्याच आवाजाचे दोन पंखे लावले तर आवाज दुप्पट वाटत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणून एक पंखा जोरात फिरवण्यापेक्षा दोन मोठे पंखे सावकाश फिरवणं केव्हाही शहाणपणाचं. पंखे जास्त म्हणजे आवाज जास्त, ही समजूत मी आमच्या शिक्षकांच्या खोलीतही ऐकली. ती सरळसरळ उलटी आहे.

आता कुणी म्हणेल, आमच्याकडे आठ महिने छताचा पंखा नाहीतर कूलर चालू असतो, त्यात कॉम्प्युटरचं काय ऐकू येणार? बरोबर आहे, मे महिन्यात फरक कमीच जाणवतो. पण छताच्या पंख्याचा आवाज खालच्या पट्टीतला, पसरट असतो. कानाला त्याची सवय होते. लहान पंख्याचा आवाज एका सुरात किणकिणतो. कान असा एकसुरी आवाज गर्दीतूनही शोधून काढतात, जसा वर्गाच्या गोंगाटातून एका मुलाची शिट्टी शिक्षकाला बरोबर ऐकू येते. आणि अब्बांची वेळ तर रात्रीचीच.

चपटं की उभं

माझं मत आता पक्कं झालं आहे: पैसे मोजून घ्यायचे असतील तर "होम थिएटर" असं लेबल असलेलं चपटं कॅबिनेट घेऊ नका. साधं, मायक्रो एटीएक्स मापाचं, उभं, समोर जाळी असलेलं कॅबिनेट घ्या आणि ते टीव्हीच्या युनिटशेजारी जमिनीपासून थोडं वर ठेवा. दिसायला सामान्य, पण त्याच्यात मोठे पंखे बसतात, उंच कूलर बसतो आणि नेहमीच्या मापाचा एसएमपीएस बसतो. हे तिन्ही एकत्र मिळाले की शांतता फुकट मिळाल्यासारखी असते.

चांगली आडवी कॅबिनेटं जगात नाहीत असं नाही. सिल्व्हरस्टोन कंपनीच्या ग्रँडिया मालिकेत पूर्ण मापाचा मदरबोर्ड आणि १२० मिमीचे पंखे बसतात. फ्रॅक्टल डिझाइनचं नोड ३०४ हे छोटं चौकोनी कॅबिनेट तर १६५ मिमी उंचीचा कूलर आणि नेहमीचा एसएमपीएस दोन्ही सामावून घेतं. ज्यांनी ती बनवली त्यांना शांततेचं गणित कळलं होतं. पण आपल्याकडे ती सहज मिळत नाहीत, आणि मिळाली तर साध्या कॅबिनेटच्या काही पट पैसे पडतात. त्या जादा पैशांत चांगला एसएमपीएस आणि दोन चांगले पंखे येतात, आणि आवाज कमी होतो तो ह्यांनी.

मदरबोर्डची मापं लक्षात ठेवायला सोपी आहेत. मिनी आयटीएक्स म्हणजे १७० बाय १७० मिमी, मायक्रो एटीएक्स म्हणजे २४४ बाय २४४, आणि पूर्ण एटीएक्स ३०५ बाय २४४. लहान मदरबोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये बसतो, उलट बसत नाही. मिनी आयटीएक्स बोर्ड बऱ्याचदा महाग पडतो, म्हणून जागेची फारच अडचण नसेल तर मायक्रो एटीएक्सच परवडतं.

कूलरची उंची हा मुद्दा दुकानदार कधी सांगत नाही. चपट्या कॅबिनेटमध्ये ६०-७० मिमी जागा असते. प्रोसेसरसोबत येणारा कूलर त्यात बसतो खरा, पण तो बुटका, लहान पंख्याचा असतो आणि काम वाढलं की ओरडतो. १२० मिमीचा पंखा लावलेला उभा कूलर १५५ ते १६० मिमी उंच असतो, ९२ मिमीवाला १२५ ते १३५. कॅबिनेटची रुंदी २०० मिमीच्या आसपास असेल तर मोठा कूलर बहुधा बसतो, १७०-१८० असेल तर मधला. कॅबिनेटच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या पानावर ही मर्यादा लिहिलेली असते. ती वाचा, अंदाज करू नका. माझी दुसरी चूक हीच होती: कूलर आणला आणि बाजूचा पत्रा ५ मिमीने लागेना. परत करायला गेले तर दुकानदाराने "मॅडम, खोका फोडला ना" म्हणून हात वर केले.

दुकानात काय पाहायचं

लॅमिंग्टन रोडला किंवा आपल्या गावच्या कॉम्प्युटरच्या गल्लीत पंख्याचा आवाज ऐकून निवडायचा प्रयत्न करूच नका. तिथे बाहेर हॉर्न, आत एसी, शेजारी कुणीतरी स्पीकर तपासतोय. दुकानात जे मशीन मुकं वाटतं ते रात्री घरी बोलायला लागतं. तिथे कानांवर विसंबण्यापेक्षा डोळ्यांनी आणि बोटांनी तपासा.

बाजूचा पत्रा काढून मागा. मागच्या बाजूला पंख्याच्या जागी जाळी कशी आहे ते बघा. स्वस्त कॅबिनेटांमध्ये पत्र्यालाच छोटी छोटी भोकं पाडलेली असतात. निम्मी जागा पत्रानेच अडवलेली. हवा त्यातून शिटी मारत जाते. तारेची गोल जाळी असेल किंवा मोठ्या षटकोनी भोकांची असेल तर उत्तम. दुसरं सगळं चांगलं असेल तर मागची पत्र्याची जाळी कात्रीने कापून टाकून तिथे तारेची जाळी लावता येते. मी आमच्या ओळखीच्या पत्र्याच्या कारागिराकडून दहा मिनिटांत करून घेतलं. धार मात्र कानशीने घासून घ्यायला सांगा.

मग समोरचा भाग. हल्ली समोर काच किंवा अखंड प्लास्टिक आणि मागे तीन रंगीत पंखे, अशी फॅशन आहे. दुकानदार आधी हेच दाखवेल. काचेमागच्या पंख्याला हवा मिळते ती कडेच्या बोटभर फटीतून. म्हणजे पंखे तीन, हवा एकाची आणि आवाज तिघांचा. समोर जाळी पाहिजे, आणि जाळीमागे सहज निघणारी धुळीची गाळणी पाहिजे. रंगीत दिव्यांचं तर टीव्हीच्या खोलीत कामच नाही; अंधारात सिनेमा लावला की भिंतीवर जत्रा दिसते. पॉवरच्या निळ्या दिव्यावर मी काळी चिकटपट्टी लावली आहे.

सोबत येणाऱ्या पंख्यांची वायर ओढून तिचं टोक बघा, हे विसरू नका. मोठा, पांढरा, जाड चार पिनांचा जोड असेल तर त्याला मोलेक्स म्हणतात. तो थेट एसएमपीएसला लागतो आणि पंखा कायम पूर्ण १२ व्होल्टवर, पूर्ण वेगाने फिरतो. त्याला हळू करायची सोय मदरबोर्डकडे नसते. छोटा, तीन किंवा चार भोकांचा जोड असेल तर तो मदरबोर्डला लागतो आणि वेग ताब्यात राहतो. चार भोकांचा सर्वांत बरा. स्वस्त रंगीत कॅबिनेटांत मोलेक्सवाले पंखे सर्रास असतात. असं कॅबिनेट इतर बाबतीत ठीक असेल तर घ्या, पण ते पंखे काढून ठेवायचे आणि १२० मिमीचे दोन चार-पिनवाले पंखे वेगळे घ्यायचे, हा खर्च आधीच धरून चाला. साधे चांगले पंखे पाचशे ते हजारापर्यंत एक मिळतात.

शेवटी पत्र्यावर बोटाने टकटक करा. डबा वाजल्यासारखा टणटण आवाज आला तर पत्रा पातळ आहे, हार्ड डिस्क फिरायला लागली की तो गुणगुणणार. ठप्प असा आवाज आला तर ठीक. उचलूनही बघा. शांततेच्या बाबतीत वजन हा दोष नाही.

एसएमपीएस: इथे कंजुषी नको

"कॅबिनेटसोबत एसएमपीएस फ्री" ही आपल्या बाजारातली सगळ्यात महाग पडणारी फुकट गोष्ट आहे. त्याच्यावर ४५० वॉट लिहिलेलं असतं, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका लागतो. आतला पंखा ८० मिमीचा, वेग एकच. आवाजाचं सोडा, वीज कमी-जास्त झाली तर मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन जातो. त्या डिस्कवर तुमच्या भावाच्या निकाहची एकुलती एक कॅसेट उतरवलेली असते.

एसएमपीएसशिवायचं कॅबिनेट घ्या आणि एटीएक्स मापाचा, १२० मिमीच्या पंख्याचा, ८० प्लस खूण असलेला एसएमपीएस वेगळा घ्या. ८० प्लस म्हणजे २०, ५० आणि १०० टक्के भारावर निदान ८० टक्के वीज कामी येते. जी वाया जाते तिचीच उष्णता होते आणि ती बाहेर काढायलाच पंखा फिरतो. वाया कमी, तर पंखा हळू. टीव्हीसाठीचा कॉम्प्युटर सिनेमा दाखवताना ३० ते ६० वॉटच घेतो. चांगल्या ४५० वॉटच्या एसएमपीएसला हा भार म्हणजे काहीच नाही, त्याचा पंखा जेमतेम हलतो.

कॅबिनेटमध्ये एसएमपीएस तळाला बसत असेल तर तो खालून स्वतःची थंड हवा घेतो. पण मग खाली जागा हवी. आमच्याकडे बैठकीत सतरंजी आणि वर सोलापुरी चादर. पहिल्या आठवड्यात कॅबिनेट त्याच्यावरच ठेवलं होतं, आणि तळाची जाळी पूर्ण बंद. आता खाली लाकडी फळी आहे.

हार्ड डिस्क आणि नाडीचं इलॅस्टिक

सगळे पंखे शांत झाले की मग डिस्क ऐकू येते. आधी ती पंख्यांच्या मागे लपलेली असते. ७२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, म्हणजे १२० हर्ट्झची गुणगुण. ५४०० फेऱ्यांची ९० हर्ट्झची. हे खालचे सूर हवेतून फारसे जात नाहीत, पत्र्यातून जातात, पत्र्यातून लाकडी युनिटमध्ये आणि युनिट मग तबल्यासारखं घुमतं.

विंडोज किंवा लिनक्स एसएसडीवर टाका, त्यात फिरणारं काहीच नसतं. साठवणीसाठी मोठी डिस्क लागतेच, ती ५४०० फेऱ्यांची घ्या. सिनेमा दाखवायला तेवढा वेग भरपूर होतो. कॅबिनेट निवडताना डिस्क कशी बसते ते बघा. स्क्रू थेट पत्र्यात जात असतील तर मध्ये रबरी वॉशर लागतील, रबराच्या गुठळ्यांवर बसणारा कप्पा असेल तर दुधात साखर. आणि जुन्या पद्धतीचा रिकामा मोठा कप्पा असेल, ज्यात पूर्वी डीव्हीडी ड्राइव्ह बसायचा, तर एक जुगाड सांगते. शिलाईच्या दुकानातून सलवारीच्या नाडीत घालायचं रुंद इलॅस्टिक आणा, कप्प्याच्या दोन बाजूंना ताणून बांधा आणि डिस्क त्याच्यावर झोळीत ठेवल्यासारखी आडवी ठेवा. शांत कॉम्प्युटर बनवणारे हौशी लोक जगभर हे वर्षानुवर्षं करत आले आहेत. अट एकच: कॅबिनेट हलवायचं असेल तेव्हा डिस्क आधी काढून घ्यायची. अब्बांच्या कॅसेटी आमच्याकडे अशाच झुल्यावर आहेत, आणि दुसरी प्रत कपाटात आहे. ती दुसरी प्रत आवाजासाठी नाही, अक्कल म्हणून.

उष्णता कमी तर सगळंच कमी

आवाजाचं मूळ उष्णतेत आहे. कितीही चांगलं कॅबिनेट घ्या, आत भट्टी असेल तर पंखे धावणारच. सिनेमा पाहायला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ते न घेतल्याने एक किंवा दोन गोंगाट करणारे पंखे आपोआप कमी होतात. इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हल्लीचे १०-बिट एचईव्हीसी व्हिडिओ स्वतः उलगडतं, अकराव्या पिढीपासून एव्ही१सुद्धा. हे काम त्या खास भागाने केलं तर प्रोसेसर निवांत राहतो. जुन्या प्रोसेसरला तेच काम सगळी ताकद लावून करावं लागतं, मग पंखा बोंबलतो आणि आपण कॅबिनेटला दोष देतो.

पंखा किती मोठा हवा याचा हिशोबही करता येतो. ६० वॉटची उष्णता बाहेर काढायची आहे आणि आतली हवा खोलीपेक्षा ५ अंशांहून जास्त तापू नये असं वाटत असेल, तर मिनिटाला साधारण २१-२२ घनफूट हवा पुरते. पंख्याच्या पाकिटावर हा आकडा सीएफएम म्हणून छापलेला असतो. तो मोकळ्या हवेतला असतो, जाळी आणि गाळणीतून निम्माच धरा. तरी ५० सीएफएमचा एक १२० मिमीचा पंखा सावकाश फिरवला, आणि जोडीला दुसरा, की काम भागतं. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ४० अंशांना टेकते, म्हणून मी दोन लावले: एक समोर आत ओढणारा, एक मागे बाहेर टाकणारा.

म्हणूनच आतून फोम लावलेली, सगळीकडून बंद, "सायलेंट" नावाची कॅबिनेटं मला आपल्या हवेसाठी पटत नाहीत. फोम आवाज थोडा दाबतो, पण हवा अडली की पंखे वाढतात आणि हिशोब तिथेच येतो. महाग, काळजीपूर्वक बनवलेल्यांत हे जमतं. स्वस्तात मोकळं कॅबिनेट आणि हळू पंखे हाच मार्ग. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात काचेचं दार लावून कॉम्प्युटर ठेवणाऱ्यांनाही हेच सांगणं: मागचं प्लायवूड कापा नाहीतर दार उघडं ठेवा. भिंत आणि कॅबिनेट यांच्यात चार बोटं तरी अंतर हवं.

घरी आणल्यावर बायोसमध्ये जाऊन पंख्यांचा वेग स्वतः ठरवा. कंपनीची मांडणी बहुधा घाबरट असते, तापमान दोन अंश वाढलं की पंखे उसळतात, पुन्हा बसतात. सतत चढ-उतार होणारा आवाज एकसारख्या आवाजापेक्षा जास्त त्रास देतो. मी प्रोसेसर ६० अंशांपर्यंत असेल तोवर पंखे ३०-३५ टक्क्यांवर ठेवले आहेत, त्यानंतर सावकाश वाढतात. प्रोसेसरला ६० अंश म्हणजे काही ताप नव्हे.

ज्यांना एवढी उठाठेव नको त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे. कार्यालयांतून निघालेले, पुस्तकाएवढे छोटे डेस्कटॉप दुरुस्त करून विकले जातात. त्यांत बऱ्याचदा ३५ वॉटचा प्रोसेसर असतो आणि लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर, म्हणजे एसएमपीएसचा पंखाच नाही. हलक्या कामाला ते बऱ्यापैकी शांत असतात. २०२३ मध्ये आलेला इंटेलचा एन१०० प्रोसेसर तर ६ वॉटचा आहे आणि त्याच्यावर चालणारे काही छोटे डबे पंख्याशिवायच येतात. त्यात मोठी डिस्क मात्र बसत नाही, ती यूएसबीने बाहेर जोडावी लागते. पण जुन्या कार्यालयीन कॉम्प्युटरचं नुसतं रिकामं कॅबिनेट स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका. त्यांचा एसएमपीएस, मदरबोर्डचे स्क्रू, समोरच्या बटणाची वायर हे सगळं बऱ्याचदा त्या त्या कंपनीच्या मापाचं असतं, दुसरं काही त्यात बसत नाही.

माझा हिशोब सांगते. जाळीवालं साधं मायक्रो एटीएक्स कॅबिनेट, एसएमपीएसशिवाय, तीन हजारांच्या आत. एसएमपीएस अडीच हजार. दोन पंखे मिळून दीड हजाराच्या आत. कूलर दुसऱ्यांदा मापून घेतला, ९२ मिमीचा. इलॅस्टिक ४० रुपये. मदरबोर्ड, प्रोसेसर, डिस्क जुनेच. चपट्या कॅबिनेटला आणि त्याच्या छोट्या एसएमपीएसला मिळून मी याहून जास्त मोजले होते.

आता दर दोन महिन्यांनी एका रविवारी समोरची गाळणी काढून नळाखाली धुते, सावलीत वाळवते आणि परत लावते. उन्हाळ्यात धूळ जास्त, तेव्हा महिन्याला. गाळणी भरली की पंखे वेग घेतात, आणि हे घरात सगळ्यात आधी अब्बांना कळतं. मागच्या महिन्यात मी विसरले होते. त्यांनी मुशायरा मध्येच थांबवला, मशीन नीट बसवलं आणि म्हणाले, "बेटा, तुझी जाळी धुवायला झाली."